किडकीच द्या, काकी

गेली तीन वर्षं मी किडकी भेंडी विकत घेते. चांगली समोर दिसत असताना! मंडणगडच्या बाजारात बाकीच्या बायका भेंडीचं टोक मोडून कोवळी आहे का बघतात आणि भोक दिसलं की टाकून देतात. त्यांनी टाकलेली ती भोकवाली भेंडी मी उचलून पिशवीत भरते. भाजीवाल्या मावशींनी पहिल्या वेळी पैसेच घेतले नाहीत. त्यांना वाटलं, घरी शेळी असेल. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "लगीन व्हायचंय ना तुजं? मग आधी भाजी निवडायला शिक."

असे आठवणींचे लेख खरं तर निवृत्त माणसं लिहितात, मला माहीत आहे. मला निवृत्त व्हायला अजून तीसेक वर्षं आहेत. पण या अंकाच्या संपादकांनी विचारल्यावर तोंडातून "हो" आधी गेलं आणि विचार मागून आला, माझं नेहमीचंच. आता दुपारच्या सुट्टीत ऑफिसच्या टाइपरायटरवर बसलेय. बोटं मनाच्या पुढे पळताहेत, तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तर भेंडी कशाला? आमचं काम कपाशीचं. हसा! रत्नागिरी जिल्ह्यात कपाशी शोधायची म्हणजे वऱ्हाडात समुद्र शोधायचा. आमच्याकडे कापूस आहे तो फक्त काचेच्या नळ्यांच्या तोंडात, बोळा म्हणून. पण आमचं संशोधन केंद्र इथे काढलं ते त्यासाठीच. कपाशीच्या बोंडात शिरून ते आतून पोखरणारी ठिपक्यांची अळी असते, ती आम्ही खोलीत वाढवतो. तिचं एखादं पाखरू खिडकीतून निसटलं तरी इथे कुणाच्या कपाशीचं नुकसान होणार नाही, कारण कपाशीच नाही. आणि या अळीला कपाशीच्या खालोखाल काय आवडतं, तर भेंडी. भोकाच्या आत अळी, आणि उरलेली भेंडी तिचा खाऊ. दोघी एकाच कुळातल्या आहेत. फुलं शेजारी ठेवून बघा, बहिणी वाटतील.

अळ्या वाढवायच्या कशाला, तर मारायला. हे सांगताना मला अजून थोडं कसंतरी होतं. देशावर विषारी औषधं मारून मारून अळी दाद देईनाशी झालीय. आमचे सर मातीतला एक जंतू शोधताहेत, जो अळीला आजारी पाडतो आणि माणसाला, गुराला, मधमाशीला काही करत नाही. हा जंतू कुठल्या मातीत सापडेल याचा नेम नाही, म्हणून सर जातील तिथून माती आणतात. मुरुडच्या माडांखालची, आंजर्ल्याच्या गणपतीच्या डोंगरउतारावरची, कुठल्या कुठल्या बांधावरची. लग्नाला गेले तरी रुमालात माती बांधून येतात आणि घरी गेल्यावर बोलणी खातात. मग ती माती अळ्यांवर वापरून बघायची. म्हणजे कपाटात माती कितीही असू दे, धट्टीकट्टी अळी नसेल तर सगळं ठप्प.

आणि अळ्या माझ्याकडे! एका नळीत एकच ठेवायची. दोन ठेवल्या तर सकाळी एकच सापडते, पण चांगली जाडजूड. रोज शिळी फोड काढायची, ताजी घालायची, लेंड्या झटकायच्या, बोळा बदलायचा. आमच्या आईला अजून कळलेलं नाही की बी.एस्सी. करून पोरगी नक्की कुणाची आया झालीय.

माझी नोकरी हंगामी. पहिल्याच थंडीत सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "उन्हाळ्याच्या आत या सगळ्या मातींची परीक्षा झाली नाही, तर खोल्या रिकाम्या करा म्हणून पत्र येईल. मला कुठेतरी दुसरीकडे पाठवतील. तुझ्यासाठी मात्र मला काही करता यायचं नाही." थोडक्यात, अळ्या जगल्या तर मी.

बाजारच्या भेंडीचा भरवसा नव्हता, कुणी कधी काय फवारलं असेल. म्हणून मी कधीच काही न मारणारं माणूस शोधत होते, आणि मला येसूकाकी सापडली. आंजर्ल्याच्या अलीकडे, एसटीतून उतरून लांबच लांब पाखाडीच्या पायऱ्या उतरल्या की तिची वाडी. पन्नाशीची, ठेंगणी. नवरा मुंबईला गोदीत. घरी ती, एक म्हैस, वरच्या उतारावर थोडी पावसाळी भाजी आणि विहिरीजवळ चार वाफे. पहिल्या दिवशी मी भेंडी मागितली, तर तिनं आत जाऊन कोवळी लसलशीत भेंडी आणली.

"ही नको," मी म्हटलं. "किडकीच द्या, काकी. चांगली तुम्ही खा."

"म्हंजे? चांगली मी खाऊ नि पैसे किडक्याचे घेऊ?" तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "बाय, तू बरी हाईस ना?"

मी सगळं समजावून सांगितलं आणि दोन अटी घातल्या. एक म्हणजे पावडर, औषध, काही म्हणजे काही मारायचं नाही. दुसरी, भेंडी धुवायची नाही, कारण ओली भेंडी नळीत कुजते. जशी खुडाल तशी द्यायची, मातीसकट. ही दुसरी अट लक्षात ठेवा. ती माझी होती.

मग दर शनिवारी मी तिच्याकडे. वाडीतल्या बायकांची करमणूक झाली. एकदा माझ्यासमोरच एकीनं पलीकडून हाक मारली, "येसू, किडे विकतेस काय गो?"

"विकते!" काकी ओरडली. "तुज्या डोक्यातले पन दे, गिऱ्हाईक बसलंय माज्याकडं!"

ती भेंडी सुपात फडक्याखाली झाकून ठेवायची, बाळंतिणीला पांघरूण घालावं तशी. मी पोचले की फडकं उचलून सांगायची, "आज सात हाईत. ही मोठी हाय, सांभाळून ने. एसटीत चेपशील." मग तांदळाची भाकरी, वर सुकटीची चटणी. मी खात असताना ती समोर बसून विचारायची, मागच्या वेळची ती लंगडी कशी आहे, पाखरू झाली का? अळ्यांची अशी चौकशी मला आजवर दुसऱ्या कुणी केलेली नाही. सरांनीसुद्धा नाही.

आणि मग, थंडीत, अळ्या मरायला लागल्या.

वरच्या उतारावरची पावसाळी भेंडी संपली होती आणि काकी विहिरीजवळच्या वाफ्यातली द्यायला लागली होती. तिच्या भेंडीवर वाढवलेल्या अळ्या एक-दोन दिवसांत खाणं सोडायच्या. तोंडासमोर ताजी फोड असायची आणि ही बाजूला गप्प बसलेली. मग ढिली पडायची, काळी व्हायची, चिमट्यात धरली की फुटायची. रोज सकाळी नळ्यांच्या रांगेत काळे ठिपके वाढलेले. सर म्हणाले, अर्ध्या नळ्यांना भेंडी धुऊन घालून बघ. धुतलेल्या भेंडीवरच्या जगल्या! म्हणजे भेंडीच्या वर काहीतरी होतं. काय असणार? मला एकच सुचलं. किराणा दुकानात कीटकनाशक पावडरीचे पुडे मिठासारखे मिळतात.

सर म्हणाले, "थांब जरा, आधी बघू." मी थांबते कसली! सकाळच्या एसटीनं मी काकीच्या दारात. शनिवार नसताना मला बघून तिचा चेहरा उजळला, तो मला अजून आठवतो. ती विहिरीवर होती, आणखी दोघी पाणी भरत होत्या. मी तिथेच, त्यांच्यासमोरच विचारलं, "काकी, खरं सांगा. भेंडीवर पावडर मारलीत ना?"

"पावडर? मी?"

"माझ्या अळ्या मेल्या. तुमच्याच भेंडीनं मेल्या. माझी नोकरी जाईल, काकी!"

रहाट थांबला. त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. काकी हळूच म्हणाली, "किडकी विकते म्हनून वाडी मना हसली. म्या हसून घेतलं. नि आता खोटी पन मीच?"

मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण मी म्हटलं, "मग मेल्या कशानं?"

ती तरातरा वाफ्यात गेली, भेंडीच्या मुळाशी हात घालून ओंजळभर माती उपसली, केळीच्या पानात बांधली आणि माझ्या हातात कोंबली. "ने. तपास. पावडर निघाली तर मी तुला तोंड नाय दाखवनार. नि नाय निघाली तर तू मना दाखवू नको."

त्या दिवशी भाकरी नाही, काही नाही. एवढी पाखाडी चढले आणि एकदाही मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

केंद्रावर सरांनी ते पान उघडलं. "पावडर तपासायची सोय आपल्याकडे कुठे आहे?" ते म्हणाले. "पण माती आलीय ना? मग नेहमीसारखी लाव."

नेहमीसारखी म्हणजे काय, ते सांगते, अवघड नाही. माती पाण्यात कालवायची आणि ते पाणी कढत तापवून तसंच दहा मिनिटं ठेवायचं. बहुतेक जंतू मरतात. आमचा जंतू मरत नाही, कारण वाईट दिवस आले की तो बी होऊन बसतो, भाताचं बी कणगीत गप्प बसतं तसा. मग ते पाणी काचेच्या चपट्या ताटलीत, चायनाग्रासच्या जेलीसारख्या थरावर पसरायचं. दोन-तीन दिवसांत तिथे पांढुरके, मेणचट ठिपके उठतात. त्यातला कण काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात बघायचं. आम्हाला पाहिजे तो जंतू आपल्या बीजाशेजारी एक खडा तयार करतो, दोन्हीकडे टोक असलेला, पत्त्यातल्या चौकटसारखा. तो खडा म्हणजेच अळीचं मरण. आपलं पोट आंबट, अळीचं उलटं, साबणाच्या पाण्यासारखं. तिच्या पोटात तो खडा विरघळतो आणि आतडं फाटतं. आपल्या पोटात गेला तरी आपल्याला काही करत नाही.

आत्तापर्यंत ढिगानं माती तपासली होती. बहुतेक वेळा काही नसायचं आणि असलं तर दोन-चार खडे. काकीच्या मातीची काच मी खिडकीशी नेली, आरशाची तिरीप जुळवली आणि डोळा लावला.

चौकटच चौकट! कुणी मूठभर उधळावेत तसे.

मी किंचाळले असणार, कारण सर हातातला चहा सांडत आले. त्यांनी डोळा लावला. बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "विषानं मेलेली अळी तू बघितलीयस. कशी मरते?"

"तडफडते. वळवळते."

"आणि या कशा मेल्या?"

गप्प बसून, जेवण सोडून. मी रोज सकाळी ते बघत होते. अळ्यांची आया मी! नोकरीच्या भीतीनं बघितलेलं दिसलं नाही आणि एका बाईला तिच्याच विहिरीवर खोटं पाडून आले. सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "नव्या अळ्यांवर लावून खात्री करू. मग आधी तिला सांगून ये."

खात्री झाली आणि मी गेले. काकी अंगण झाडत होती. मला बघितलं आणि झाडतच राहिली. मी पायरीवर बसले. अख्खं अंगण झाडून झाल्यावर तिनं पाठमोरीच विचारलं, "निघाली पावडर?"

"नाही, काकी. चुकलं माझं."

"हां." केरसुणी भिंतीला लावली. "मग काय निघालं?"

मी सांगितलं. जंतू, खडा, साबणाच्या पाण्यासारखं पोट, सगळं. रडत सांगितलं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"मानसाला व्हतो हा रोग?"

"नाही."

"म्हशीला?"

"नाही, काकी. फक्त अळीला."

"म्हंजे मेल्या त्या माज्याच मातीनं."

"हो."

"मग तू खोटं काय बोललीस? मारल्या मीच की." आणि ती हसली. मला वाटतं, एवढ्या सहज मला कुणी कधी माफ केलं नसेल. पाणी आलं, मागून भाकरी आली. खाता खाता मी विचारलं, विहिरीजवळच्या वाफ्यात तुम्ही काय घालता?

"काय घालनार? शेन. नि कणगीची झाड."

तिची सासू घालायची म्हणून ती घालते. नवं भात भरायच्या आधी बांबूची कणगी आतून झाडायची आणि निघालेला सगळा भुसा-केर विहिरीजवळच्या भेंडीच्या मुळात टाकायचा. त्या वर्षी भाताला पाखरू लागलं होतं, पण त्याच्या अळ्या कणगीतच मरून काळ्या पडल्या होत्या. त्यांच्यासकट ती झाड वाफ्यात गेली, शिंपणाच्या पाण्यानं माती उडून भेंडीला लागली, आणि भेंडी धुवू नका म्हणून बजावून सांगणारी मी होतेच. सर बांधबांध फिरत होते, आणि जंतू एका कणगीत बसलेला!

काकी मात्र दुसराच विचार करत होती. "म्हंजे बाय, आता माजी भेंडी तुला चालायची नाय."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी सरांना विचारून बघितलं, धुऊन घेतली तर? सर म्हणाले, एवढासा कण खोलीत शिरला तरी सगळ्या अळ्या जातील. त्या वाफ्यातली भेंडी आता दारातसुद्धा नको, आणि वरच्या उतारावरचीही नको, तेच हात, तेच सूप. खरंच होतं. पुढे भेंडी दुसऱ्या वाडीतून यायला लागली, अळ्या जगल्या, मातींची परीक्षा वेळेत झाली, खोल्या राहिल्या, मी राहिले. फक्त माझा शनिवार गेला.

नोंदवहीत सरांनी नंबर टाकला आणि लिहिलं, 'मूळ: परसातली माती.' मी म्हटलं, नाव घाला ना. ते म्हणाले, जंतूला नंबर असतो, नाव नसतं. पण बाटलीवर मी पेन्सिलीनं 'काकी' लिहिलं, आणि आठवड्याभरात सरच विचारायला लागले, "काकी नीट वाढतेय ना? काकीला फ्रिजमध्ये ठेवलंस का?" हे मी काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "थंडी नाय वाजत मना? पांगरून तरी घाल."

पुढच्या पावसाळ्यात आम्ही काकीला खानदेशात नेलं, बाटलीतल्या. एका शेतकऱ्यानं कपाशीच्या चार ओळी दिल्या होत्या. फवारा उन्हं उतरल्यावर मारायचा, कारण उन्हात जंतू टिकत नाही. दुसऱ्या दिवशी ते शेतकरी दादा अळी तळहातावर घेऊन आले. "जिती आहे ना ही!" मी म्हटलं, "जिवंत आहे, पण खात नाही. परवा बघा." परवा ती काळी पडली होती. दादांना फारसं पटलं नाही. त्यांना फवारल्या फवारल्या अळी टपकन खाली पडायला हवी होती. मग जोराचा पाऊस आला आणि फवारा धुऊन गेला, पुन्हा मारावा लागला. बोंडं वाचली, पण अहवाल गेला तो अजून कुठेतरी वाचला जातोय म्हणे. दुकानात आमची बाटली काही आलेली नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. याचं मला वाईट वाटतं आणि ते लपवत नाही.

त्या चार ओळींतलं एक फुटलेलं बोंड मी दिवाळीच्या आधी काकीला नेऊन दिलं. भोक नसलेलं, पांढरंशुभ्र. तिनं कपाशीचं बोंड आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"माज्या मातीनं राखलं हे?"

"हो."

तिनं ते गालाला लावून बघितलं. मग सरकी एकेक करून काढून पदराच्या टोकाला बांधली आणि तिथेच मांडीवर वाती वळायला बसली. एक मला दिली. मी म्हटलं, येत जाईन, काकी. मनापासून म्हटलं होतं. पण काम असलं की माणूस पाखाडी उतरतो आणि काम नसलं की उद्या उद्या करतो. या वर्षी पाऊस सुरू झाल्यापासून मी एकदाही गेले नव्हते.

गेल्या शनिवारी गेले. पडवीत गोडेतेलाचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात कमरेइतकं एक झाड, पिवळी फुलं आलेलं. मी आधी भेंडीच समजले. जवळ गेले तर कपाशी! आमच्या अख्ख्या जिल्ह्यातली बहुधा एकुलती एक.

"सरकी लावलीत? पण डब्यात का, काकी? वाफ्यात केवढी वाढली असती!"

"वाफ्यात अळी मरते, तूच म्हनालीस ना? ही माती डोंगरावरच्या सड्यावरनं आनली, डोक्यावरनं. शेन पन नवं. कणगीच्या केराचा कन लागू नाय दिला, हात धुऊन लावलंय. हितं जगंल." तिनं एक पान हळूच बाजूला केलं. खाली हिरवं बोंड होतं, त्याला भोक, भोकाच्या तोंडाशी ताज्या लेंड्या. "ही बघ. चार दिस झाले बसलीय. मोठी हाय, अजून खाऊ दे. आता शनवारी येशील ना?"

हे टाइप करतेय, आज शुक्रवार आहे.